पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक आणि हृदयविकार: पार्श्वभूमी

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नको, ही मर्यादा आज अनेक देशांनी निदान कागदावर तरी मान्य केली आहे. हा आकडा कर्करोगाच्या हिशेबातून आणि पाणी तपासण्या-शुद्ध करण्याच्या क्षमतेतून आला. हृदय आणि रक्तवाहिन्या त्या हिशेबात नव्हत्या. त्यांच्यावरचा परिणाम तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. आर्सेनिकने बाधित लोकांच्या रक्तवाहिन्या बिघडतात, हे त्याआधी कित्येक दशके नोंदले गेले होते.

अगदी जुन्या नोंदी पाण्याच्या नाहीत. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात आर्सेनिक मिसळलेल्या बिअरमुळे सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. त्यांतल्या अनेकांचे हृदय निकामी होत गेले होते. जर्मनीतील मोझेल खोऱ्यात द्राक्षबागांवर आर्सेनिकची फवारणी होत असे आणि बागेतले कामगार त्याच द्राक्षांची हलकी दारू रोज पीत. त्यांच्यात हातापायांची बोटे काळी पडून सडण्याचे प्रकार आढळले. ही मात्रा मोठी होती आणि पेये वेगळी होती, म्हणून पाण्याच्या चर्चेत या घटना तळटीपेपुरत्या उरल्या.

पाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर. तिथल्या उथळ विहिरींचे पाणी खारे, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शंभर मीटर आणि त्याहूनही खोल विहिरी खणल्या गेल्या. गोडे पाणी मिळाले, पण त्यात आर्सेनिक कित्येक ठिकाणी ५०० मायक्रोग्रॅमच्या वर होते. त्यातून जो आजार पसरला त्याला ‘काळ्या पावलांचा रोग’ हे नाव पडले. पायांच्या धमन्या बंद होत जायच्या, आधी मुंग्या आणि गारठा, मग चालताना कळ, मग काळी पडलेली बोटे आणि शेवटी पाय कापणे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांची संख्या सर्वाधिक होती. साठच्या दशकात नळाचे पाणी पोचू लागले आणि नवे रुग्ण कमी होत गेले.

या आजाराचे कारण केवळ आर्सेनिक की त्याच पाण्यातले ह्युमिक पदार्थही (कुजलेल्या वनस्पतींतून पाण्यात उतरणारे), यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. असा पाय सडवणारा आजार इतर आर्सेनिकग्रस्त प्रदेशांत एवढ्या प्रमाणात दिसला नाही, हा त्या वादाचा आधार होता. शंका रास्त होती, पण तिचा परिणाम चांगला झाला नाही. ‘हे तैवानपुरते आहे’ अशी समजूत पक्की झाली आणि पायांच्या पलीकडे पाहायला उशीर झाला. त्याच गावांत उच्च रक्तदाब, मानेच्या धमन्यांतले थर आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू हे सारे आर्सेनिकच्या मात्रेबरोबर वाढत जातात, हे प्रामुख्याने नव्वदच्या दशकापासून मांडले गेले.

चिलीतल्या आंतोफागास्ता शहराची गोष्ट याहून स्पष्ट आहे. अताकामा वाळवंटातले हे शहर. पाणी दुरून नदीवरून आणावे लागते. १९५८ मध्ये वाढत्या वस्तीसाठी नव्या नद्यांचे पाणी जोडले आणि आर्सेनिक लिटरमागे सुमारे ९० मायक्रोग्रॅमवरून ८०० च्या वर गेले. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत सारे शहर तेच पाणी प्यायले, कारण दुसरे पाणीच नव्हते. सुरुवात कधी आणि शेवट कधी, दोन्ही तारखा माहीत असलेले असे उदाहरण अभ्यासकांना क्वचितच मिळते.

तिथल्या पाच बालकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अवयवांतल्या लहान आणि मध्यम धमन्यांचे आतले अस्तर जाड झाले होते. म्हातारपणी दिसावेत असे बदल त्या वयात दिसले, याहून ठळक इशारा कोणता हवा होता? पुढे १९५० ते २००० या काळातल्या मृत्युनोंदी तपासल्या तेव्हा क्रमही उलगडला. आर्सेनिक जास्त होते त्या वर्षांत आणि त्यानंतर लगेच जे जादा मृत्यू झाले, त्यांत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराच्या झटक्याचा होता. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू बरेच नंतर, नव्वदच्या दशकात शिखरावर पोचले. पाणी सुधारल्यावर हृदयविकाराचे मृत्यू आधी उतरले. म्हणजे हृदयाचे नुकसान आधी येते आणि पाणी बदलले की त्याचा लाभही आधी मिळतो.

दक्षिण आशियातला इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. पटकी-हगवणीपासून वाचवण्यासाठी सत्तरच्या दशकापासून बसवलेले हातपंप, १९८३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये त्वचेवरील डागांवरून झालेले आर्सेनिकबाधेचे निदान, १९९३ मध्ये बांगलादेशातल्या पाण्यात आर्सेनिकचा लागलेला शोध, आणि मग २००० नंतर बिहार व उत्तर प्रदेशातली गंगाकाठची गावे. इथे चित्र तैवानच्या उलटे आहे: आर्सेनिक मुख्यतः दीडशे मीटरपर्यंतच्या उथळ थरांत, आणि खोल पाणी बहुधा सुरक्षित. १९९८-९९ च्या सर्वेक्षणात बांगलादेशातल्या अशा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के ५० मायक्रोग्रॅमच्या वर आणि ४६ टक्के १० च्या वर होत्या. या दोन टक्केवारींमधले अंतर म्हणजे कोट्यवधी माणसे, आणि कुठला आकडा धरायचा हा प्रश्न तिथूनच तापला.

मर्यादेची कथा अशी. अमेरिकेने १९४२ मध्ये ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेकडून १९५८ मध्ये २००, १९६३ मध्ये ५० आणि १९९३ मध्ये १० असे आकडे आले. १९९३ चा आकडा ‘तात्पुरता’ असे स्पष्ट नमूद करून दिला गेला होता. त्यामागचे गणित त्वचेच्या कर्करोगाचे होते. आयुष्यभरात लाखात एक जादा रुग्ण एवढाच धोका मान्य करायचा, तर मर्यादा ०.१७ मायक्रोग्रॅम यायला हवी होती. १० वर तो धोका लाखात साठ होतो. तरीही १० ठरले, कारण त्याखाली भरवशाने मोजणे अवघड होते. ही तडजोड त्या काळात समजण्यासारखी होती. अडचण एवढीच, की पुढे हा आकडा ‘सुरक्षित पातळी’ म्हणून वापरात रुळला आणि तो तात्पुरता असल्याचा विसर पडला.

अमेरिकेत हाच वाद जास्त उघडपणे झाला. ३ मायक्रोग्रॅमपर्यंत पाणी शुद्ध करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असे तिथल्या नियामकांनीच मान्य केले होते. २००० मध्ये त्यांनी ५ चा प्रस्ताव मांडला. जानेवारी २००१ मध्ये अंतिम नियम आला तो १० चा, कारण खर्चाच्या मानाने लाभ पुरेसा नाही असे ठरले. मार्चमध्ये नव्या सरकारने तोही नियम रोखून धरला, शास्त्रज्ञांच्या समितीकडून फेरतपासणी करवली, आणि धोका आधीच्या अंदाजापेक्षा जास्तच आहे असा निष्कर्ष आल्यावर ऑक्टोबरमध्ये १० पुन्हा कायम केले. जानेवारी २००६ पासून ते पाळणे बंधनकारक झाले.

या साऱ्या घडामोडींत खर्चाच्या समोर लाभाच्या बाजूला नेमके काय मोजले होते, हे पाहायला हवे. पैशांत रूपांतर झाले ते मूत्राशयाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे. हृदयविकार ‘आकड्यात मांडता न आलेले लाभ’ या यादीत गेला. पैशांच्या बेरजेत त्या यादीचे वजन शून्य होते. हृदयविकार हा सर्वांत जास्त मृत्यू घडवणारा आजार आहे. त्याच्या धोक्यात थोडी वाढ झाली तरी मृतांची संख्या मोठी होते. तो हिशेबात असता, तर ‘लाभ पुरेसा नाही’ हा निष्कर्ष टिकला असता का? त्या वेळी कमी मात्रेवरचा पुरावा तोकडा होता, हे नियामकांचे म्हणणे खरेच आहे. पण तैवान आणि चिलीचे निष्कर्ष त्यांच्यासमोर होते. पुरावा अपुरा असणे आणि परिणाम शून्य धरणे यांत फार मोठा फरक आहे.

बांगलादेशाने ५० चा आकडा ठेवला. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून पंपांच्या तोटीला रंग दिले गेले: ५० च्या वर लाल, खाली हिरवा. या मोहिमेने असंख्य लोकांना वाचवले. मात्र ४५ मायक्रोग्रॅमचा पंपही हिरवाच राहिला. भारतीय मानकात बराच काळ १० बरोबरच ‘दुसरा स्रोत नसेल तर ५०’ अशी सवलत होती. ती २०१५ मध्ये काढली गेली.

कमी मात्रेचा पुरावा त्यानंतर जमा झाला. बांगलादेशातल्या आराईहजारमध्ये २००० पासून सुमारे १२ हजार लोकांचा पाठपुरावा सुरू झाला. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सर्वाधिक आर्सेनिकच्या गटात हृदयविकाराने मृत्यूचा धोका सर्वांत कमी गटाच्या १.९२ पट होता. धूम्रपान करणाऱ्यांत आर्सेनिक आणि तंबाखू यांचा एकत्रित परिणाम दोहोंच्या बेरजेहून जास्त भरला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना, ओक्लाहोमा आणि डकोटातील साडेतीन हजारांहून अधिक मूलनिवासी लोकांचा अभ्यास आला. त्यांच्या पाण्यातले आर्सेनिक तैवानच्या मानाने फारच कमी होते. तरी ज्यांच्या लघवीत ते सर्वाधिक होते, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू दीडपटीहून जास्त आढळले. पाण्याऐवजी लघवी मोजल्याने भातासारख्या अन्नातून येणारे आर्सेनिकही पकडले जाते, ही या पद्धतीची जमेची बाजू. मासळीतले तुलनेने निरुपद्रवी आर्सेनिक मात्र त्यातून वेगळे काढावे लागते.

हे घडते कसे, याचा बराचसा उलगडा झाला आहे. आर्सेनिकमुळे धमन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होते, दाह वाढतो, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) लवकर चिकटतात. हृदयाच्या विद्युत लयीवरही परिणाम होतो. रक्ताच्या कर्करोगावर आर्सेनिकचे औषध देताना म्हणूनच ईसीजीवर लक्ष ठेवतात. शरीर त्याचे रासायनिक रूप बदलून काही दिवसांत बरेचसे बाहेर टाकते. ही क्षमता माणसागणिक कमी-अधिक असते, आणि रोज तेच पाणी प्यायले तर बाहेर पडलेल्याची जागा रोज भरली जाते.

सध्या डेन्मार्कमध्ये आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सी व न्यू हॅम्पशायर राज्यांत ५ ची मर्यादा आहे; नेदरलँड्समधील पाणीपुरवठादारांनी आपणहून १ च्या खाली जाण्याचे ठरवले आहे. बांगलादेशात ५० कायम आहे. अमेरिकेत घरगुती विहिरींना यांपैकी कुठलाही केंद्रीय नियम लागू नाही; तिथे पाणी तपासायचे की नाही हे घरमालकावर सोडलेले आहे.