पूरमैदान (नागपूर परिसर)

पाणी पात्रात मावेनासे झाले की काठाबाहेरच्या ज्या सपाट, गाळाच्या पट्ट्यावर ते पसरते, त्याला पूरमैदान म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस तिथे शेती दिसते, म्हणून ती जमीन नदीची नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो नदीचाच भाग आहे.

पूर किती चढेल हे नुसत्या पावसावर ठरत नाही. ते पाणी किती वेळात एका ठिकाणी येऊन पोहोचते, यावर ठरते. पात्रात पाणी खोल असते, म्हणून धावते. शेतात शिरले की ते उथळ होते, पिके, झुडपे, धुरे (शेताचे बांध) त्याला अडवतात आणि गाळ खाली बसतो: जाड वाळू काठालगत, बारीक मळी दूरवर. पूर चढताना हे पाणी बाहेर थांबते, ओसरताना सावकाश पात्रात परतते. त्यामुळे खालच्या गावात पुराची सर्वोच्च पातळी कमी राहते, पण पूर जास्त वेळ टिकतो. थोडे पाणी मुरतेही. मात्र काळी माती सुरुवातीला भेगांतून पाणी पिते आणि फुगून भेगा मिटल्या की फारसे घेत नाही; म्हणून भाद्रपदातला पाऊस तेवढ्याच ज्येष्ठातल्या पावसापेक्षा मोठा पूर आणू शकतो.

कन्हान नदीला अजून अशी ऐसपैस जागा आहे. कामठीजवळ बीना संगमावर पेंच आणि कोलार तिला मिळतात. तिचे पात्र रुंद आणि वाळूचे असून ही वाळू पाणी धरून ठेवते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस पेंचवरील धरणांतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा कन्हानकाठची गावे पाण्याखाली गेली.

नाग नदीची गोष्ट वेगळी आणि क्लेशदायक आहे. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून अंबाझरी तलावात येणारी ही नदी पुढे शहरात भिंतींमध्ये कोंडली आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटेपर्यंत काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊटपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरले. माणसेही दगावली. काठोकाठ भरलेल्या तलावात येणारा पूर थोपवायला जागा फार थोडी उरते. खाली पसरायला मैदान नसेल तर तो घरांतच पसरतो.

महाराष्ट्रात यासाठी पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध, त्यापुढे लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित.

सर्वांत संथ पूर मात्र संगमावर दिसतो. कन्हान वैनगंगेला मिळते त्या अंभोऱ्याजवळ, वैनगंगा चढलेली असली की कन्हानच्या पाण्याला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकत जातो. अशा वेळी वाहती नदी तलावासारखी उभी राहते आणि काठच्या शेतांतले पाणी वैनगंगा ओसरेपर्यंत हलत नाही.