परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप कामाची नाही, महिनाभराची आहे

हॉस्टेलला असताना "काल नाईट मारली" हे आम्ही छाती फुगवून सांगायचो. सबमिशन असो, व्हायवा असो की पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) संपत आलेली असो, चहावर चहा पिऊन पहाटे चारपर्यंत जागायचं, आणि मग पेपरच्या आदल्या दिवशी घरून आईचा फोन, "आज तरी नीट झोप रे". झोपायचो पण. तरी पेपरात उत्तर डाव्या पानावर खाली होतं एवढं आठवायचं, काय होतं ते नाही आठवायचं.

असं का होतं याचा अंदाज मला खूप नंतर आला, अमेरिकेतल्या एमआयटीमधला (पुण्यातली नाही, बोस्टनजवळची) एक अभ्यास वाचून. तिथले प्रोफेसर जेफ्री ग्रॉसमन केमिस्ट्री शिकवायचे, त्यांनी १०० मुलांना सेमिस्टरभर हाताला फिटबिट (झोप आणि हालचाल मोजणारे पट्टे) घालायला दिले. त्यांना वाटलेलं की व्यायाम करणाऱ्यांना जास्त मार्क पडत असतील, पण तसं काही दिसलं नाही, दिसली ती झोप! २०१९ मध्ये पेपर छापून आला त्यात मुलांच्या मार्कांमधला जवळपास २५ टक्के फरक झोपेशी जोडलेला निघाला. आणि नुसते तास नाही, रोजची झोप सारखी आहे का तेही, म्हणजे आज चार तास आणि रविवारी अकरा तास हा हिशोब चालत नाही. रात्री दोननंतर झोपणाऱ्यांचे मार्क घसरलेले, तास पूर्ण झाले तरी. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी संबंधच सापडला नाही. आता झोपेमुळेच मार्क वाढले असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य.

पण मेंदूचं काम बघितलं तर पटतं. दिवसभर शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं साठतं, आणि गाढ झोपेत ते परत परत उजळून मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं होत जातं. म्हणजे ज्या दिवशी लेक्चरला बसलो त्याच दिवसाची रात्र महत्त्वाची, तीन आठवड्यांनंतरची नाही. त्यात रात्रीचा चहा-कॉफी, कॅफीन शरीरातून अर्धं कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

मग जागून वाचायचं नाही तर करायचं काय? तर पुस्तक मिटून आठवून लिहायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवरच हे करून बघितलं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के राहिलं आणि स्वतःची टेस्ट घेणाऱ्यांच्या ५६ टक्के. रट्टा मारताना सगळं येतंय असं वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांचं वाटणं असतं.

राहिलं रोज वेळेवर झोपायची सवय लागण्याचं. २१ दिवसांत लागते वगैरे सोडून द्या, लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसाप्रमाणे अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. त्यातच हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात एक रात्र गेलीच तर दुसऱ्या दिवशी परत बाराला लाईट बंद.