मोआ: पंखाचं हाडही न उरलेला पक्षी

1839 साली न्यूझीलंडहून लंडनला एक हाडाचा तुकडा आला, जेमतेम 15 सेंटिमीटरचा. तेवढ्यावरून रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञांनी सांगून टाकलं की हे शहामृगाच्या तोडीच्या पक्ष्याचं मांडीचं हाड आहे. धाडसच ते! पण चारेक वर्षांत पेटारे भरभरून हाडं आली आणि ओवेन खरे ठरले. हाच तो मोआ.

न्यूझीलंडचा भूभाग सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी गोंडवना या प्राचीन महाखंडापासून सुटला. (हे नाव आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय.) माणूस तिथे पोचला तेव्हा जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. चरायला हरणं नाहीत, मागे लागायला लांडगे नाहीत. हरणाची जागा पक्ष्यानेच घेतली. उडायचे स्नायू पोसणं महागाचं काम, आणि पळायचं कोणापासून? शहामृगाला निदान पंख तरी आहेत. मोआला पंखाचं हाडसुद्धा उरलं नाही.

बेटावर सगळंच मोठं होतं असा मात्र नियम नाही. मोआच्या नऊ जातींत काही टर्कीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. सर्वांत मोठ्या जातीची मादी 200 किलोच्या वर, मान उंचावली तर साडेतीन मीटरपर्यंत पोचणारी. नर तिच्या निम्माही नाही. एवढ्या फरकामुळे नर-मादी वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदले गेले. हा घोळ थेट 2003 मध्ये, हाडांतल्या डीएनएने मिटवला.

हाडांनी आणखी एक गोष्ट सांगितली. झाडाच्या खोडात असतात तशी वाढीची वलयं त्यांत सापडली. आजचे बहुतेक पक्षी वर्षभरात पूर्ण वाढतात. मोआच्या काही जातींना मोठं व्हायला बरीच वर्षं लागत. मोआ संपण्याची सगळी मेख मला यातच दिसते. माणूस येण्याआधी शत्रू एकच, तोही आकाशातला: 10 ते 15 किलोचा हास्ट गरुड. त्याचा जवळचा नातलग ऑस्ट्रेलियातला किलोभर वजनाचा गरुड, म्हणजे सावजाबरोबर शिकारीही फुगला!

तेराव्या शतकाच्या अखेरीस न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींचे पूर्वज होड्यांतून आले. वाढलेले पक्षी मारले जात होते, अंडीही खाल्ली जात होती आणि पिल्लं सावकाश वाढत होती. शे-दीडशे वर्षांत नऊच्या नऊ जाती संपल्या. शिकार संपल्यावर हास्ट गरुडही टिकला नाही.