गालिच्यांचा कायदा आणि मोबाईलचा चेहरा

ॲपलने १५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयात सॅमसंगविरुद्ध दावा दाखल केला. त्या वेळी सॅमसंग ही ॲपलची प्रतिस्पर्धी तर होतीच, शिवाय आयफोनमधील चिप पुरवणारी मोठी पुरवठादारही होती. दाव्यात सॉफ्टवेअरची काही पेटंटेही होती. पण पुढची सात वर्षे जो वाद गाजला आणि थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तो फोनच्या दिसण्याचा होता. त्याचा गाभा तीन डिझाइन पेटंटांचा होता. गोलसर कोपऱ्यांचा काळा सपाट दर्शनी भाग हे एक, भोवती कड असलेला तशाच आकाराचा दर्शनी भाग हे दुसरे आणि काळ्या पडद्यावर ओळीने मांडलेली रंगीत आयकॉनची जाळी हे तिसरे.

'आयताच्या गोल कोपऱ्यांवर मक्तेदारी' अशी या पेटंटांची तेव्हा पुष्कळ टिंगल झाली. ती चटपटीत होती, पण पूर्ण खरी नव्हती. डिझाइन पेटंट एखाद्या सुट्या वैशिष्ट्याला मिळत नाही. अर्जासोबतच्या चित्रात अखंड रेषांनी जे दाखवले असेल त्याच्या एकूण रूपाला ते मिळते आणि तुटक रेषांनी काढलेला भाग संरक्षणाबाहेर राहतो. ॲपलच्या वकिलांनी या सोयीचा पुरेपूर उपयोग केला होता. फोनची पाठ आणि बाजू तुटक रेषांत ढकलल्यामुळे मागून अगदी वेगळा दिसणारा फोनही केवळ दर्शनी भागाच्या साम्यावरून पेटंटच्या कक्षेत आणता येत होता.

अमेरिकेत डिझाइन पेटंटचा कायदा १८४२मध्ये झाला आणि त्याखालचे पहिले पेटंट जॉर्ज ब्रूस यांना छपाईच्या टाइपसाठी मिळाले. साम्य ओळखायचे कोणाच्या नजरेने, याचे उत्तर १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीच्या काट्या-चमच्यांच्या मुठीवरील नक्षीवरून झालेल्या गोरॅम विरुद्ध व्हाइट या खटल्यात मिळाले. खरेदी करताना सर्वसाधारण ग्राहक जेवढे लक्ष देतो, तेवढे लक्ष देऊनही त्याची फसगत होत असेल, तर पेटंटचा भंग झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तज्ज्ञाच्या डोळ्याला बारीकसारीक फरक दिसले, तरी त्याने काही बिघडत नाही. हीच कसोटी पुढे आयफोनला लागू झाली.

खरी ठिणगी मात्र नुकसानभरपाईच्या नियमात होती आणि तो नियम गालिच्यांमुळे आला. १८८०च्या दशकात गालिचे विणणाऱ्या कंपन्यांनी डॉबसन बंधूंवर नक्षी चोरल्याबद्दल खटले भरले. चोरी सिद्ध झाली, पण गालिच्याच्या नफ्यातील किती हिस्सा नक्षीमुळे मिळाला आणि किती लोकर, विणकाम वगैरेंमुळे, हे वादींना दाखवता आले नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने भरपाई ठरवली अवघी ६ सेंट. कारखानदार साहजिकच भडकले. १८८७मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून किमान २५० डॉलरची भरपाई ठरवली आणि त्याहून अधिक नफा झाला असेल, तर नक्कल करणाऱ्याचा सगळा नफा पेटंटधारकाला द्यावा, अशी तरतूद केली. आजच्या पेटंट कायद्याच्या कलम २८९मधील 'एकूण नफा' तो हाच. गालिच्यात नक्षी हीच विक्रीची वस्तू असते, त्यामुळे तिथे हा नियम फारसा खटकत नव्हता. हजारो घटक आणि तंत्रज्ञानाचे असंख्य थर असलेल्या यंत्राच्या बाबतीत तो काय करील, याचा विचार १८८७मध्ये कोणी करणे शक्यच नव्हते. (आपल्याकडील डिझाइन कायदा, २००० दुसऱ्या टोकाचा आहे. त्यातील कलम २२खाली ठरीव रकमेचा मार्ग घेतला, तर एका डिझाइनमागे कमाल ५०,००० रुपये मिळतात; मनाई हुकूम आणि प्रत्यक्ष नुकसानभरपाई हवी असेल, तर दिवाणी दावा लावावा लागतो.)

न्यायमूर्ती ल्युसी को यांच्यापुढे सॅन होजे येथे ३० जुलै २०१२ रोजी सुनावणी सुरू झाली. सगळा उद्योगच या आकाराकडे निघाला होता, असे सॅमसंगचे म्हणणे होते. त्याला काही आधारही होता, कारण एलजी प्राडा हा पूर्ण काचेच्या दर्शनी भागाचा फोन डिसेंबर २००६मध्ये, म्हणजे ९ जानेवारी २००७ रोजी आयफोनची घोषणा होण्याआधीच, जाहीर झाला होता. पण एफ७०० या सॅमसंगच्या स्वतःच्या मॉडेलचा यासाठी वापर करायला न्यायालयाने परवानगी नाकारली. सॅमसंगने नाकारलेला पुरावा वृत्तपत्रांकडे पाठवला आणि न्यायमूर्तींचा रोष ओढवून घेतला. तिला याहून महागात पडला तो तिच्याच दप्तरातील २०१०चा १३२ पानी अहवाल. गॅलेक्सी एस आणि आयफोन शेजारी ठेवून आपला फोन कुठे कमी पडतो आणि काय सुधारावे, हे त्यात पानोपानी लिहिले होते. असा कागद ज्युरीपुढे आल्यावर चित्रांतील रेषांचा युक्तिवाद मागे पडला असावा, असे मानायला जागा आहे.

२४ ऑगस्ट २०१२ रोजी ज्युरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. टॅबलेटच्या डिझाइनवरचा आरोप मात्र तिने मान्य केला नाही. त्याच टॅबलेट-रूपाच्या युरोपीय नोंदणीवरून डसेलडॉर्फच्या न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये गॅलेक्सी टॅबविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला होता, तर जुलै २०१२मध्ये इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती कॉलिन बर्स यांनी सॅमसंगचे टॅबलेट ॲपलइतके 'कूल' नाहीत, म्हणून नक्कलही नाही, असा निकाल दिला. खटला जिंकण्याचा याहून अवघडलेला प्रकार विरळाच.

अमेरिकेत पुढे रकमेची छाटणी होत गेली. न्यायमूर्ती को यांनी हिशेबातील चुकांमुळे काही भाग रद्द करून फेरसुनावणी घेतली. मे २०१५मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने व्यापारी पेहरावाचा, म्हणजे ज्यावरून ग्राहक कंपनी ओळखतो त्या बाह्यरूपाचा, दावा फेटाळला, कारण ॲपलने सांगितलेली वैशिष्ट्ये वापराच्या सोयीची होती. डिझाइन पेटंटांपोटीचे ३९.९ कोटी डॉलर मात्र कायम ठेवले. सॅमसंगने डिसेंबरमध्ये एकूण ५४.८ कोटी डॉलर भरले आणि सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. नक्कल झाली की नाही, हा मुद्दा तिथे नव्हताच. कलम २८९ ज्या 'उत्पादित वस्तू'चा एकूण नफा देते, ती वस्तू म्हणजे संपूर्ण फोन की त्याचा एखादा भाग, एवढाच प्रश्न होता. शंभराहून अधिक डिझाइनरांनी ॲपलच्या बाजूने निवेदन दिले. ग्राहकाच्या मनात रूप आणि वस्तू वेगळी नसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

६ डिसेंबर २०१६ रोजी आठही न्यायमूर्तींनी एकमताने, सोनिया सोटोमेयर यांनी लिहिलेल्या निकालात, वस्तू म्हणजे एखादा भागही असू शकतो, असे ठरवले. तो भाग ओळखायचा कसा, हे सांगायचे मात्र त्यांनी टाळले. ज्या एका प्रश्नासाठी सगळे तिथवर गेले होते, तोच अर्धा ठेवून प्रकरण खाली आले. सरकारी वकिलांनी सुचवलेले चार निकष को यांनी स्वीकारले. पेटंटमधील डिझाइनची व्याप्ती, संपूर्ण उत्पादनातील त्याचे महत्त्व, डिझाइन आणि उत्पादन यांचे वेगळेपण, आणि तो भाग प्रत्यक्षात सुटा करता येतो का, असे ते निकष होते. २०१८च्या सुनावणीत ॲपलने १०० कोटींहून अधिक मागितले. सॅमसंगच्या मते देणे होते २.८ कोटी. ज्युरीने मे महिन्यात डिझाइनसाठी ठरवले ५३.३ कोटी, म्हणजे जी रक्कम कमी करून घेण्यासाठी सॅमसंग सर्वोच्च न्यायालयात गेली होती, तिच्याहून जास्त. महिन्याभरातच, जून २०१८मध्ये, दोन्ही कंपन्यांनी अटी जाहीर न करता तडजोड केली, आणि ते चार निकष या खटल्यात वरच्या न्यायालयापुढे तपासले जाण्याची संधी राहिली नाही.