हिवाळ्यात सकाळची सौरवीज का घटते?

रूफटॉप सोलरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे एकाच आशयाचे फोन येऊ लागतात: आकाशात ढग नाही, तरी सकाळी दहापर्यंत इन्व्हर्टरवर युनिट का चढत नाहीत? दिवस लहान आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला, हे कारण आहेच. परंतु नागपुरात त्याला धुरक्याची जोड मिळते.

एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, त्यामुळे जमिनीलगतची उबदार हवा धूर घेऊन वर निघून जाते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गारठते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असला की वाहनांचा धूर, रस्त्यांवरील धूळ, शेकोट्या आणि पेटवलेला कचरा हे सारे त्या झाकणाखाली कोंडते. पहाटे गच्चीवरून पाहिल्यास शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरलेला दिसतो, तो यामुळेच. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुरावर असे झाकण पाच दिवस राहिले आणि हजारो माणसे दगावली.

सगळेच कण धुराड्यातून बाहेर पडतात असेही नाही. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशातून सल्फर डायऑक्साइड निघतो, वाहनांतून नायट्रोजनची ऑक्साइडे. हवेतील ओल आणि अमोनिया यांच्या साहाय्याने त्यांचे सल्फेट व नायट्रेट बनतात. हे कण बहुतांशी २.५ मायक्रॉनहून बारीक असतात, बाष्प शोषून फुगतात आणि ऊन पॅनेलपर्यंत पोहोचण्याआधीच विखुरतात. आपल्याकडे अशा बारीक कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे.

ऊन तापले की झाकण सुटते. म्हणून वीज केवळ सकाळीच कमी आणि दुपारी ठीक असेल, तर दोष बहुधा हवेचा आहे (शेजारच्या इमारतीची सावली नाही ना, हे आधी पाहावे), आणि त्यासाठी आम्हाला बोलावून पैसे खर्च करू नयेत. भर दुपारीही घट दिसत असेल, तर पॅनेल जवळून पाहावे: रात्रीच्या दवात धूळ कालवली जाऊन चौकटीच्या खालच्या काठाशी चिखलाची बोटभर पट्टी साचते, आणि तेवढीशी पट्टीही अख्ख्या पॅनेलची वीज बरीच खाली आणते. काच तापण्यापूर्वी, मऊ फडक्याने ती धुवावी. बोअरचे पाणी वापरल्यास ते काचेवर सुकू देऊ नये. क्षारांचे पांढरे डाग धुळीहून चिवट असतात.