डोंगरावरील क्रूसाची वाट

येशूच्या दुःखसहनातील चौदा प्रसंगांची स्थाने, म्हणजे प्रार्थनेचे थांबे, जिथे पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभारलेली असतात तो डोंगर, आणि ती स्थाने प्रार्थना करत चढण्याचा विधी, या दोहोंना ‘क्रूसाची वाट’ हेच नाव आहे. बेळगाव-खानापूर भागात गोव्याहून घाट चढून आलेल्या कोंकणी घरांत ‘खुर्साची वाट’, तर कन्नड भाषकांत ‘शिलुबेय हादी’ म्हणतात. सौंदत्तीची यल्लम्मा आणि जोतिबा ज्यांच्या ओळखीचे, त्या मुलखाला डोंगर चढून नवस फेडणे नवे नाही. फरक एवढाच, की इथली प्रार्थना माथ्यावर पोचून सुरू होत नाही, ती पहिल्या पायरीपासून चाललेली असते.

येशूला जिथे क्रूसावर चढवले त्या जेरुसलेमला जाणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी ही भक्ती युरोपात रुजली. ती पसरवली मुख्यतः फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्याशांच्या संघाने. 1342 पासून पवित्र भूमीतील स्थळांची राखण याच संघाकडे होती. स्थानांची संख्या पूर्वी गावोगाव वेगळी असे. पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 मध्ये ती चौदा ठरवली.

डोंगरावर वाट आखताना पुष्कळ ठिकाणी सगळा खर्च मूर्तींवर होतो. चर्चच्या नियमाप्रमाणे आवश्यक आहेत ते चौदा क्रूस. चित्र किंवा मूर्ती ही मनन सोपे करणारी जोड आहे. तेव्हा पैसा आधी पायऱ्या, कठडा आणि गुडघे टेकण्यापुरती सपाट जागा यांवर घालावा. दोन स्थानांत चाळीस ते साठ पावले पुरतात. त्याहून जास्त अंतर ठेवले तर मागची माणसे पोचेपर्यंत पुढची प्रार्थना संपते. बारावे स्थान, म्हणजे येशूचे मरण, माथ्यावर यावे आणि कबरेचे चौदावे थोडे बाजूला, उतारावर. नववे स्थान येशू तिसऱ्यांदा पडण्याचे. ते शेवटच्या खड्या चढावर आले तर वेगळे प्रवचन लागत नाही.

मिरवणुकीतल्या क्रूसाचे वजन आधी काढावे. सागाचा घनफूट साधारण 18 किलो भरतो. 6 इंच जाड चौकोनी तुळईचा, 10 फूट उभा आणि 5 फूट आडवा क्रूस 65 ते 70 किलोंचा होतो. 3 बाय 4 इंची लाकडात तोच 23 किलोंच्या आसपास बसतो. खांदा बदलायचा तो स्थानावर थांबल्यावर, चढावर नव्हे. मागचे टोक एकाने धरावे. ते जांभ्याच्या पायरीवर घासत गेले की प्रत्येक धक्का पुढच्याच्या मानेत बसतो.

प्रत्येक स्थानावर नाव पुकारून गुडघे टेकतात, छोटे वाचन आणि मनन होते, मग गीत म्हणत पुढे. स्थानाला तीन-चार मिनिटे धरली तर चालण्यासकट तास-सव्वा तास लागतो. मराठी, कोंकणी, कन्नड या भाषा स्थानागणिक बदलाव्यात; एकाच स्थानावर तिन्हींत वाचले की वेळ दुपटीवर जातो. बाराव्या स्थानावर मात्र सगळे काही वेळ गप्प गुडघ्यांवर असतात. तिथला ध्वनिक्षेपक बंद ठेवावा.

प्रायश्चित्तकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातला, कोणताही शुक्रवार चालतो, पण खरी गर्दी गुड फ्रायडेला. हा दिवस 20 मार्च ते 23 एप्रिल या दरम्यान येतो, म्हणजे उन्हाळा आणि वळवाचे दिवस. चढण सकाळी उरकतात, कारण दुपारी तीनच्या सुमारास चर्चमध्ये उपासना असते. त्या दिवशी जगात कुठेही मिस्सा (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा मुख्य विधी) होत नाही, त्यामुळे नवसाची मिस्सा त्या दिवसाची मागू नये. घंटाही मुक्या असतात. खूण लाकडावर लाकूड आपटून देतात. 18 ते 59 वयाच्यांना उपवास, म्हणजे एकच पोटभर जेवण, आणि 14 वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना मांसवर्ज्य. पाण्याने हा उपवास मोडत नाही. हे ठाऊक नसल्याने माणसे कोरड्या तोंडाने चढतात आणि घेरी येऊन बसतात. आभाळ भरून आले तर माथा आधी रिकामा करावा, वीज उंच क्रूसाकडे ओढली जाते.

मेणबत्त्या वाऱ्याने विझतात आणि पडल्या तर वाळलेले गवत पेटते. म्हणून वाळूचे तसराळे, तीन बाजूंनी पत्रा आणि भोवतीचे गवत आधी कापलेले, एवढे हवेच. पायरीवर सांडलेले मेण त्याच दिवशी खरवडावे.

14 सप्टेंबरला पवित्र क्रूसाच्या विजयाचा सण येतो. तेव्हा खानापूरकडच्या पावसात जांभ्यावर शेवाळ असते, अनवाणी चढणाऱ्याने कडेच्या मातीवरून जावे. क्रूस सापडल्याचा 3 मेचा सण 1960 मध्ये चर्चच्या सार्वत्रिक पंचांगातून निघाला, तरी गोव्याच्या वळणाच्या वस्त्यांत मे महिन्यात क्रूसापुढे लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थनामाला, म्हणून उकडलेले चणे वाटतात.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी सोय नियमातच आहे. सामुदायिक विधीत सर्वांना हलता येत नसेल, तर चालवणारा एका स्थानाहून दुसऱ्याकडे गेला की पुरते, बाकीचे आपल्या जागी राहून प्रार्थना करतात. पायथ्याशी सावली, बाकडी आणि आवाज पोचेल असा कर्णा असला की म्हाताऱ्यांची वाटही पूर्ण होते.