तहानही सोसणारी, ओलही सोसणारी

इंदूरच्या अंगणात आपण झाडांना घालतो ते बहुतेक नर्मदेचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांब, पंपांनी विंध्याचा चढ चढवून ते इथे आणलं जातं. इतक्या विजेवर वर आलेलं पाणी मे महिन्यात हिरवळीवर ओतणं मला पटत नाही.

म्हणून बरेच जण कोरफड, निवडुंग आणून थेट जमिनीत लावतात. उन्हाळा ती सहज काढतात आणि श्रावणात मुळाशी कुजतात. दोष झाडाचा नाही, जागेचा आहे. माळव्याच्या काळ्या मातीतले चिकण कण पाणी शोषून फुगतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगाळते, बारीक मुळं तोडते. शिवाय उरलेली ओल इतकी घट्ट धरून ठेवते की मुळांना ती ओढताच येत नाही. तेव्हा इथलं झाड आठ महिने कोरड आणि चार महिने चिखल, दोन्ही सोसणारं हवं.

अशी झाडं ओढ्या-नाल्यांच्या काठी सापडतात, कारण तिथेही पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात नुसते दगड. कण्हेर त्यातलीच. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, खळग्यांत केस आणि केसांच्या आड पर्णरंध्रं. खळग्यातली दमट हवा वाऱ्याने चटकन उडून जात नाही, त्यामुळे पानातली वाफही कमी निसटते. मात्र कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा गाईगुरं असतील तर निर्गुडी लावा. तीही ओढ्याकाठचीच, आणि तिच्या पानाखालीही बारीक लव असते.

पानफुटीची युक्ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं पान चाखून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचं हे निरीक्षण १८१५ साली छापून आलं. ही वनस्पती रंध्रं रात्री, गारव्यात उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून तो साठा वापरते. आंबटपणा त्या आम्लाचा. कोरफड आणि निवडुंगही हेच करतात. साठा मर्यादित असल्याने त्यांची वाढ सावकाश होते, एवढंच.

ही मांसल झाडं हवीच असतील तर मुरूम आणि वाळू घालून वीतभर उंच वाफा करा. पांढऱ्या चाफ्यालाही तसाच उंचवटा द्या. तो पाणी जाड फांद्यांत साठवतो आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून देतो.

लावणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. कोणतंही झाड लावल्या दिवसापासून काटक नसतं. पहिला उन्हाळा त्याला पाणी द्यावंच लागतं, पण रोज शिंपडून नव्हे. आठवड्यातून एकदा, खोलवर मुरेल असं द्या, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातात. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका.